खाजवून खरूज

दुःखाला जगात मान आहे, खाजेला नाही. पाय मोडला तर माणसं मोसंबी घेऊन भेटायला येतात. डोकं दुखतंय म्हटलं की घरातला टीव्ही हळू होतो. पण 'मला फार खाज सुटलीये' असं चारचौघांत म्हणून पाहा! शेजारचा गृहस्थ सहानुभूतीनं जवळ सरकायच्या ऐवजी खुर्ची मागं घेतो. विरहानं तळमळणाऱ्या नायिका कवींनी शेकड्यांनी रंगवल्या, पण पाठीवर नेमक्या त्या जागी हात पोचत नाही म्हणून तळमळणारी एकही नायिका माझ्या वाचनात नाही. आपल्या भाषेनं तर खाजेला थेट आरोपीच्या पिंजऱ्यातच उभं केलंय. 'त्याला फार खाज आहे' याचा अर्थ तो आजारी आहे असा होत नाही, तो आगाऊ आहे असा होतो. आणि खाजवून खरूज काढणाऱ्याला तर कुणी दाराशीही उभं करत नाही.

तरी मोठमोठ्यांनी या विषयात बोटं घातलेली आहेत. हाफेनरेफर नावाच्या एका जर्मन वैद्यानं १६६० साली खाजेची व्याख्या केली: खाजवण्याची इच्छा उत्पन्न करते ती नकोशी संवेदना म्हणजे खाज. साडेतीनशे वर्षं उलटली, त्वचारोगाची पुस्तकं अजून हीच व्याख्या देतात. यापलीकडे कुणाला काही सुचलेलं दिसत नाही. त्याच्याही दोन हजार वर्षं आधी प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिसानं हा विषय काढला होता. इच्छा होईल ती भागवत जगणं हेच सुख, असं म्हणणाऱ्या कॅलिक्लिस नावाच्या तरुणाला त्यानं विचारलं, की एखाद्याला सतत खाज सुटतेय आणि तो मनसोक्त खाजवत आयुष्य काढतोय, तर तो सुखी म्हणायचा का? कॅलिक्लिस आधी चिडला, पण मग मान्य करून बसला, की हो, त्याचंही आयुष्य सुखाचंच.

कॅलिक्लिसाकडे कुत्रा नसावा. आमच्याकडे आहे.

आमचा खंड्या जातीनं लॅब्राडोर, संस्कारानं सदाशिव पेठी. पहिला पाऊस पडून भिंतींना ओल आली, की याचा सीझन सुरू. आधी पंजे चाटतो, मग तोंड सतरंजीवर घासतो, मग मागचा पाय उचलून काखेत आणि कानामागं असा काही सुटतो, की गळ्यातला बिल्ला देवळातल्या घंटेसारखा वाजतो आणि गुडघा फरशीवर आपटतो. रात्री दोन वाजता खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन येतो, "अहो, तुमच्याकडे डाळ कुटताय का?"

खाजेवर औषध ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात जन्माला यायचाय. कडुलिंबाचा पाला उकळा, गंधक खोबरेलात खलवा, ताकानं आंघोळ घाला, हळद लावा. दूधवाल्यानं गॅरेजमधलं जळकं ऑइल सुचवलं आणि 'आमच्या गावी म्हशीला हेच लावतात' असा दाखला दिला. इस्त्रीवाल्याचं मत रॉकेल. (ही दोन्ही औषधं कुणी चुकूनही करू नयेत. कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटून पोटात घेतो.) आमच्या हिनं सगळ्यांना चहा पाजला आणि खंड्याला डॉक्टरकडे नेलं.

जनावरांच्या डॉक्टरांबद्दल मला अपार आदर आहे. पेशंट बोलत नाही आणि सोबत आलेला माणूस थांबत नाही, अशा परिस्थितीत ते निदान करतात. आमच्या डॉक्टरांनी गुप्तहेरासारखी सुरुवात केली. बारीक फणीनं केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या कापसावर ठेवले. कण विरघळून तांबूस झाले, तर ती धूळ नव्हे, पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते, त्याला एखादी चावली तरी अंग खाजवायला पुरते. शिवाय पिसवांची अंडीपिल्ली कुत्र्यापेक्षा गालिच्यात, फटींत आणि आपल्या गादीखाली जास्त असतात, हे ऐकून ही त्या रात्री खुर्चीत झोपली.

खंड्याच्या कापसावर तांबूस काही उमटलं नाही. मग दुसरा संशयित, अन्न. आठ आठवडे कोंबडी, दूध, गहू सगळं बंद. पूर्वी कधी न खाल्लेला मासा आणि रताळं, एवढंच. बिस्किटाचा कणसुद्धा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून मोजणी. घरात माणसं वांग्याची भाजी खातायत आणि कुत्रा सुरमई, असा तो काळ. आईला हे साफ नामंजूर. कुत्र्यानं कोरडी पोळी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावलेल्या नामदेवांची गोष्ट तिनं आम्हाला त्या आठ आठवड्यांत पंधरा वेळा ऐकवली. नामदेवांबद्दल मला बोलायचं नाही. पण पोळी आणि तूप म्हणजे नेमके गहू आणि दूध, आणि डॉक्टरांची यादी फ्रिजवर चिकटवलेली. प्रेमानं वाटी घेऊन मागं धावणं खरं, की प्रेमानंच वाटी फडताळात कुलूपबंद करणं खरं, या प्रश्नावर त्या घरात मायलेकरांचं आठ आठवडे पटलं नाही.

अन्नही निर्दोष सुटलं. उरली घरातली धूळ, बुरशी, परागकण, म्हणजे थोडक्यात हवा. हवेवर पथ्य नाही. मग औषधं. स्टेरॉइड स्वस्त आणि तत्काळ. एक-दोन दिवसांत कुत्रा गाढ झोपतो, पण तहान, भूक आणि लघवीच्या फेऱ्या वाढतात, आणि वर्षानुवर्षं दिलं तर शरीर आतून पोखरतं. दुसरी गोळी नवी, अमेरिकेत २०१३ साली मंजूर झालेली. शरीरातला खाजेचा निरोपच ती वाटेत अडवते. पण किंमत ऐकून माझ्याच अंगाला खाज सुटली. आणि ही बरं करणारी नाहीच, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. ॲलर्जी जन्माची, गोळी थांबली की पाय पुन्हा कानामागं. तोवर जखमा भरायला गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. कारण खाजवून कातडी फुटते, त्यातून जंतू शिरतात, त्यानं आणखी खाज सुटते. म्हणजे आपल्या म्हणीत वैद्यक आहे हो! खरजेचा किडा काही नखांतून जन्मत नाही, पण बाकी सगळं खाजवूनच ओढवतं.

खंड्याला खरं सुख कशात आहे ते मी रोज पाहतो. डोळे अर्धवट मिटलेले, जीभ एका बाजूला, पाय वेगात. कॅलिक्लिसाचा तो सुखी माणूस हाच. आणि मी त्याच्या गळ्यात कर्णा अडकवतो. लहान मुलाला आपण कांजिण्यांच्या वेळी 'खाजवू नकोस' म्हणून दटावतो, पण ते मूल मोठं होतं आणि कधीतरी आपलं म्हणणं त्याला पटतं. खंड्याला मी कधीच पटवून देऊ शकणार नाही. स्वस्त गोळी घेऊन आजचं सुख हवं, की उद्याची दोन वर्षं जास्त हवीत, हे त्याचं त्यानं ठरवायचं, तर ते ठरवतोय मी, आणि तेही खिशात हात घालून. त्याला विचारता आलं असतं तर त्यानं एवढंच सांगितलं असतं: आत्ता, इथं, कानामागं. शेवटी नवी गोळी घेतली. पहिल्याच रात्री बिल्ला वाजला नाही. काकांचा फोन आला नाही.

"हे नक्की कुणासाठी केलंत?" ही अंधारात म्हणाली. "त्याला बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला झोप लागावी म्हणून?"

लग्नाला तीस वर्षं झाल्यावर बायका असे प्रश्न दिवसा विचारत नाहीत. मी म्हटलं, "दोन्ही." ती म्हणाली, "आधी कुठलं?" आणि घोरायला लागली. मी तीन वाजेपर्यंत जागा.

सकाळी मला उत्तर सापडलं. आमच्या फाटकाशी एक भटका कुत्रा पडून असतो. कानांच्या कडा जाड, कोपरांवरचे केस गेलेले, अंगावर खपल्या. खंड्याच्या दसपट तरी खाज असेल त्याला. पण तो खाजवतो ते माझ्या खिडकीपासून लांब. त्याच्या खाजेनं माझी झोप मोडत नाही, त्याच्या अंगाखाली माझी फरशी नाही. त्याला औषध दिलं तर त्यात माझा स्वार्थ काय? मी डॉक्टरांना फाटकाशी आणलं. त्यांनी लांबूनच वजनाचा अंदाज घेतला, खरजेच्या किड्यांवरची गोळी दिली आणि मी ती पनीरच्या तुकड्यात दडवून पुढं केली. कुत्र्यानं आधी पनीरकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आजवर आमच्या सोसायटीतून त्याच्याकडे फक्त दगड आलेले. शेवटी खाल्लं.

मी विजयी मुद्रेनं वर आलो. हिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "छान केलंत. खरूज संसर्गजन्य असते, डॉक्टर म्हणालेच होते. खंड्या रोज त्याच फाटकातून जातो. माणसालाही लागते म्हणे थोडी."

मी बोललो नाही. नि:स्वार्थ म्हणून काही असेल तर ते आमच्या घरात चहाबरोबर टिकत नाही. अशोकानं दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचं कोरलंय, तेव्हा त्याला 'हे नक्की कुणासाठी?' असं कुणी विचारलं असेल का, हे मात्र मनात आलं.

पुढची गोळी वेळेवर गेली. दीड-दोन महिन्यांत फाटकावरच्या कुत्र्याच्या अंगावर लव आली, मग केस. आता तो मान ताठ ठेवून फिरतो. अंगात ताकदही आली आहे आणि तिचा उपयोग तो रात्री बारा ते चार, बरोबर आमच्या खिडकीखाली उभा राहून भुंकण्यासाठी करतो. हिच्या प्रश्नावर माझ्या बाजूचा हा एकमेव पुरावा आहे, आणि तो रोज रात्री तीही ऐकते.