स्वाराचा सलाम

उर्दूत 'सय्याह' असा एक शब्द आहे. पृथ्वीवर फिरणारा, भ्रमण करणारा, हा त्याचा मूळ अर्थ. आजची उर्दू वर्तमानपत्रे हाच शब्द पर्यटकासाठी वापरतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार या तालुक्याच्या गावी हजरत हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. एका सुफी बुजुर्गाच्या नावात जो शब्द आहे, तोच मोबाईलवर फोटो काढत फिरणाऱ्या पाहुण्यालाही लावला जातो, याचे आम्हाला नेहमीच नवल वाटत आले आहे. दोघेही घर सोडून निघालेले, दोघेही परक्या गावात आलेले. एकाला गाव शतकानुशतके जपते आणि दुसरा कधी आला, कधी गेला हे कुणाला आठवतही नाही. असे का व्हावे?

हा प्रश्न जुना आहे. पण बॅटरीवर चालणाऱ्या सायकली आणि दुचाक्या आल्यापासून तो आमच्यासमोर नव्याने उभा राहिला. आमच्याकडे लोक तिला 'चार्जिंगची गाडी' म्हणतात. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या हलक्या गाडीला कायदा मोटार वाहन समजत नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही, पेट्रोलचा खर्च नाही. छोटे गाव आणि त्याच्या आसपासच्या वाटा पाहायला यापेक्षा सोयीचे वाहन आम्हाला तरी माहीत नाही.

कंधारचेच उदाहरण घेऊ. मन्याड नदीच्या काठचे हे गाव. मन्याड पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. गावातला भुईकोट किल्ला राष्ट्रकूटांच्या काळाशी, विशेषतः दहाव्या शतकातील तिसऱ्या कृष्णाशी जोडला जातो. पुढे तो दख्खनच्या सुलतानांकडे आणि मुघलांकडे गेला. त्याच्या भोवती पाण्याचा खंदक आहे आणि आत फारसी शिलालेख आहेत. गावाजवळच्या तलावाचे नाव जगत्तुंग सागर. 'जगत्तुंग' ही राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याची पदवी. म्हणजे एका छोट्या गावात राष्ट्रकूटांचे नाव, फारसीतली अक्षरे आणि एका सय्याहाची मजार अशी तिन्ही सुखाने नांदताना दिसतात.

मोटारीतून आलेला माणूस किल्ला पाहतो आणि परत जातो. पायी निघालेल्याला ऊन थकवते. चार्जिंगच्या गाडीवर मात्र खंदकाच्या कडेने, तलावाच्या बाजूने, तिथून नदीकडे आणि शेताशेतांतून गेलेल्या पाणंदीने एका सकाळीत फिरून होते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे मकतबातल्या मुलांचा सबक ऐकू येतो, बाभळीवरचे होले ऐकू येतात, सोयाबीनच्या रानात खुरपणाऱ्या बायांचे बोलणे ऐकू येते. पावसाळ्यात काळी माती चाकाला बसली की उतरून गाडी ढकलावी लागते, तेवढाच काय तो त्रास.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कुरआनात पृथ्वीवर फिरून पाहण्याचा आदेश एका ठिकाणी नव्हे, अनेक सूरांमध्ये आला आहे. फिरावे कसे, हेही सांगितले आहे. सूरह लुकमानमध्ये हजरत लुकमान आपल्या मुलाला जो उपदेश करतात त्यात चालीचा मध्यमपणा आणि आवाजाचा संयम या दोन गोष्टी येतात. कर्कश आवाजासाठी तिथे गाढवाचा दाखला दिला आहे. आमच्या गावांतून सायलेन्सर काढून फटफट करीत जाणाऱ्या मोटारसायकली ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हा दाखला वेगळा समजावून सांगायला नको. त्या मानाने चार्जिंगची गाडी मोठी सज्जन. चाल मध्यम, आवाज जवळजवळ नाही. मग लुकमान यांचा उपदेश यंत्राने आपल्या वतीने पाळला, असे समजायचे काय?

आम्हाला तसे वाटत नाही. कारण त्याच उपदेशात या दोन गोष्टींच्या आधी आणखी एक गोष्ट आहे: लोकांपासून गर्वाने तोंड फिरवू नकोस आणि ताठ्याने चालू नकोस. वेग कारखान्यात ठरवता येतो. आवाजही कारखान्यात कमी करता येतो. तोंड कोणत्या बाजूला करायचे हे मात्र बसणाऱ्यालाच ठरवावे लागते. यंत्राचा मूकपणा ही यंत्राची रचना आहे, स्वाराची नम्रता नव्हे. नियत यंत्राला नसते, माणसाला असते. आणि कर्माचे मोल नियतीवर ठरते हे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत.

उलट, हा मूकपणा कधी कधी त्रासाचा होतो. नदीवर बाया धुणे धूत असतात. पूर्वी दुरून फटफटीचा आवाज आला की त्या पदर सावरून घेत. गुराखी शेळ्या बाजूला घेई, गल्लीत खेळणारे पोर ओट्यावर चढे, कमी दिसणारे म्हातारे माणूस भिंतीला धरून उभे राही. त्या कर्कश आवाजात नकळत का होईना, एक सूचना होती. चार्जिंगची गाडी ती सूचना काढून घेते. माणूस पाठीशी येऊन उभा राहिला तरी पत्ता लागत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या जुलैपासून नव्या नमुन्याच्या विजेवरील मोटारींना ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा केला, तो याच कारणाने. अंध आणि पायी चालणाऱ्या माणसाला गाडीची चाहूल लागली पाहिजे, हा त्याचा हक्क तिथे मान्य झाला. आमच्या पाणंदीवर असला आवाज कोण बसवणार?

याचे उत्तर आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांची एक हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आली आहे. तिचा आशय असा की, स्वाराने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी जास्त असलेल्यांना. आपण हा शिष्टाचाराचा नियम म्हणून पाठ करतो आणि पुढे जातो. पण त्यातला न्याय पाहा. जो वर बसला आहे, ज्याच्याकडे वेग आहे, ज्याच्यामुळे दुसऱ्याला धक्का लागू शकतो, त्याने आधी बोलायचे आहे. 'माझ्यापासून तुला धोका नाही' हे सांगण्याची जबाबदारी बलवानावर आहे. विचारण्याची जबाबदारी दुर्बळावर नाही.

कुणी म्हणेल, हॉर्न आहे की. पण हॉर्न आणि सलाम एक नव्हेत. हॉर्न म्हणतो, बाजूला हो. सलाम म्हणतो, मी आलो आहे, तू सलामत राहा. पहिला हुकूम आहे, दुसरी दुआ आहे. आमच्या रानावाटांवर समोरच्याचा मजहब विचारून बोलण्याची पद्धत नाही. 'राम राम मामा' म्हटले, 'सलाम चाचा' म्हटले किंवा नुसते 'येऊ का पुढं?' म्हटले तरी काम तेच होते. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि घरच्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये असे सांगितले आहे. छोट्या गावात गल्ली हे घराचेच अंगण असते. तिथे बाजा टाकलेल्या असतात, डाळी वाळत असतात, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणे चाललेले असते. रस्ता सरकारी असला तरी त्यावरचे आयुष्य खासगी आहे. मोबाईल वर करण्यापूर्वी तोंडाने दोन शब्द बोलावेत. परवानगी मिळाली तर पाहावे, नाही मिळाली तर नजर खाली करून निघावे. रस्त्याचे हक्क सांगणाऱ्या हदीसमध्ये नजर खाली ठेवणे, कुणाला इजा न पोहोचवणे आणि सलामाचे उत्तर देणे हे तिन्ही आलेले आहेत.

पण स्वाराची जबाबदारी डोळ्यांसमोरच्या माणसापुरतीच असते काय? चार्जिंगच्या गाडीला धूर नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. तो नाहीसा झाला की दुसऱ्याच्या दारात गेला, हेही विचारले पाहिजे. आपल्या मराठवाड्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. त्या कोळशाची राख परळीच्या परिसरातले लोक झेलतात. कोळशाइतकीच त्याला पाण्याची गरज. २०१३ आणि २०१५ मध्ये दुष्काळात पाणी नव्हते म्हणून ते केंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले होते. ज्या मुलखात प्यायचे पाणी रेल्वेतून येते, तिथे विजेचे एक युनिटही फुकटचे नसते.

यावर कुणी म्हणेल, मग काय, पेट्रोलची गाडी बरी? नाही. पेट्रोलची गाडी गल्लीतही धूर सोडते. शिवाय सौर ऊर्जेचा वाटा वाढत आहे. उद्याची वीज आजच्यापेक्षा स्वच्छ असू शकेल. आमचे म्हणणे इतकेच की, ही गाडी वापरणाऱ्याने आपण पवित्र झालो असे समजू नये. जे चालून होते ते चालूनच करावे. परळीचा माणूसही आपल्या वाटेवरचा पायी माणूसच आहे. तो दिसत नाही म्हणून त्याचा हक्क कमी होत नाही.

आणखी एक पायी माणूस आहे, आणि तो आपल्या घरातच आहे. भूगोलाच्या तासाला मुली गोदावरी, मांजरा, मन्याड नकाशात बिनचूक काढतात. त्यांतल्या कितीजणींनी नदी जवळून पाहिली आहे, असे विचारले की फार थोडे हात वर होतात. मुलगे गावभर हिंडतात. मुलींची वाट घरापासून शाळेपर्यंत. याला दीन कारण आहे असे म्हणणाऱ्यांनी सूरह तहरीम पाहावी. तिथे चांगल्या स्त्रियांचे गुण सांगताना 'साइहात' हा शब्द आला आहे. बहुतेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ रोजे राखणाऱ्या असा केला आहे, काहींनी हिजरत करणाऱ्या असा केला आहे. त्या अर्थांवर वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. पण 'साइहात' आणि 'सय्याह' या दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे, हे अरबीचा कोणताही विद्यार्थी सांगेल. ज्या मुळातून एका बुजुर्गाच्या नावाचा शब्द आला, त्याच मुळातून स्त्रियांच्या कौतुकाचा शब्द आला आहे.

लायसन्स नको, जोर लावायला नको, पेट्रोलपंपावर उभे राहायला नको अशी गाडी आज घरोघरी येत आहे. ती घेताना बापाच्या डोळ्यांसमोर मुलगाच असतो. ती मुलीच्याही हाती द्यावी. मैत्रिणींनी मिळून किल्ला पाहावा, तलाव पाहावा, मन्याड कुठून येते आणि कुठे जाते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. वाटेत लोक दोन गोष्टी बोलतील. तेव्हा ओट्यावर बसलेल्या आपल्यासारख्यांनी काय करावे, हेही त्या रस्त्याच्या हक्कांतच आलेले आहे. नजर खाली ठेवावी, इजा पोहोचवू नये, आणि पोरींनी सलाम केला तर त्याचे उत्तर नीट, ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे.