बॉसच्या खोलीतली रसद

गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. लांबलचक बोळ संपतो, समोर मोठा दरवाजा असतो, आणि दरवाजाच्या अलीकडे अचानक गोळ्यांचे डबे, हेल्थचे पॅक, एखादं चिलखत असं सगळं मांडून ठेवलेलं असतं. शत्रू एकही नाही. आपण लगेच ओळखतो की आत बॉस आहे. गेम सेव्ह करतो, पाणी पितो, मोबाइल सायलेंटवर टाकतो आणि आत जातो.

पण मला जास्त कुतूहल त्या दरवाजाच्या आतल्या डब्यांचं आहे. लढाई ऐन भरात आलेली असताना खोलीच्या कोपऱ्यात दिसणारा तो हिरवा चौकोन. आपली हेल्थ पंधरावर आलेली, बंदुकीत चार गोळ्या, आणि तिकडे तो चमकतोय. आपण धावतो, उचलतो, वाचतो आणि पाच मिनिटांनी बॉस पाडतो. मग प्रश्न असा की, जिंकलं कोण? बॉसने आपल्याला जवळजवळ मारलंच होतं. मधे कुणीतरी आपल्याला परत उभं केलं. मग हा विजय आपला म्हणायचा, की तो डबा तिथे ठेवणाऱ्या डिझायनरचा?

या प्रश्नावर गेमर मंडळींत एक कडक पंथ आहे. त्यांच्या मते मदत घेऊन जिंकणं म्हणजे अर्धंच जिंकणं. एकही फटका न खाता बॉस संपवायचा, पॅकला हात लावायचा नाही. कुणी अडखळला तर त्याला दोनच शब्द ऐकवायचे: ‘गिट गुड’. थोडक्यात, आधी शिकून ये. मला या लोकांबद्दल आदर आहे. बर्नार्ड स्यूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने 1978 साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा आशय असा: गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करायचे आणि ते ओलांडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे खेळ. गोल्फचा चेंडू हाताने उचलून भोकात टाकता येतो, पण मग तो गोल्फ राहत नाही. या हिशेबाने एकही पॅक न उचलणारा माणूस स्वतःसाठी आणखी एक अडथळा पत्करतो. तो त्याचा खेळ, त्याची हौस. त्यात काहीच चूक नाही.

अडचण तिथे येते, जिथे हा नियम सगळ्यांना लावला जातो. कारण डिझायनर ते डबे दयेपोटी ठेवत नाही. गेम बनवणाऱ्यांना एका प्रसंगाची फार धास्ती असते. खेळाडू बॉसपर्यंत पोचलाय, गोळ्या संपल्यात, मागचा दरवाजा बंद झालाय आणि गेम तिथेच सेव्ह झालाय. आता तो कितीही हुशार असला तरी उपयोग नाही. नेम चांगला असेल, पण नेम धरायला गोळीच नाही. अशा गेमला कुणी अवघड म्हणत नाही, बिघडलेला म्हणतात. याला सॉफ्टलॉक असा शब्द आहे: गेम चालू असतो, पण पुढे जायची वाटच उरलेली नसते. खोलीतला डबा त्या खेळाडूचं कौशल्य वाचवतो. डबा असतो म्हणूनच निकाल नेमावर लागतो, नाहीतर तो साठ्यावर लागला असता.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, रसद. आणि रसद तुटणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. 1760 च्या अखेरीस सदाशिवरावभाऊंची फौज पानिपतला अडकली. अब्दालीने यमुना ओलांडून वाट अडवली होती, रसदीची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले, आणि छावणीत उपासमार सुरू झाली. 14 जानेवारी 1761 ला माणसं उपाशीपोटी लढायला बाहेर पडली. त्या दिवशी कोण शूर होतं आणि कोण नव्हतं यावर आपण अजून वाद घालतो. पण भुकेल्या माणसाच्या आणि भुकेल्या घोड्याच्या शौर्याला एक मर्यादा असते. ती त्याच्या गुणांची मर्यादा नसते.

महाभारतात तर याचा फार सुंदर प्रसंग आहे. जयद्रथाला सूर्यास्तापूर्वी मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा. वेळ कमी, मधे सगळी कौरव सेना. आणि ऐन लढाईत घोडे थकतात. कृष्ण रथ थांबवून घोडे सोडतो, अर्जुन बाण मारून जमिनीतून पाणी काढतो, घोडे पाणी पितात, कृष्ण त्यांच्या अंगातले बाण काढतो, मग रथ पुन्हा जुंपला जातो. घोड्यांना मधेच पाणी पाजलं म्हणून जयद्रथाचा वध अर्जुनाच्या खात्यावर अर्धाच धरायचा, असं म्हणणारा कीर्तनकार मी अजून ऐकलेला नाही.

शिवाय पॅक आपोआप खिशात येत नाही. आडोसा सोडून त्याच्यापर्यंत जावं लागतं. ‘डार्क सोल्स’ (2011) खेळलेल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तिथे हेल्थ भरणारा फ्लास्क तुमच्याजवळच असतो, मोजक्या घोटांचा. पण तो तोंडाला लावायचा तर क्षणभर थांबावं लागतं, आणि नेमक्या त्या क्षणी बॉस तलवार उगारतो. मदत कधी घ्यायची, हेही एक कौशल्यच आहे. ज्यांनी कुणाकडे हातउसने पैसे मागितलेत, त्यांना हा आडोसा सोडून धावण्याचा प्रकार जास्त खोलवर समजेल.

तर मदत असावी, इतकं मी धरून चालतो. खरी गंमत पुढे आहे. ती द्यायची कशी? गेम बनवणाऱ्यांनी याची निदान तीन उत्तरं शोधलीत, आणि तिन्ही आपल्या आसपास आधीपासून आहेत.

पहिली पद्धत सगळ्यांत जुनी. 1993 च्या ‘डूम’मध्ये हेल्थचे डबे जमिनीवर ठरलेल्या जागी पडलेले असतात. तुम्ही पट्टीचे खेळाडू असा की नवखे, डबा तिथेच. आमच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात दुपारी खिचडीचा प्रसाद असतो, तो या जातीचा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तू घरून जेवून आलास का, गाडी कुठली, भूक किती. मुंबईहून मोठ्या गाडीतून आलेला आणि एसटीने आलेला, दोघांच्या हातात तीच खिचडी. यात थोडी ‘उधळपट्टी’ आहे हे खरं, कारण गरज नसलेल्यालाही मिळतं. पण घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. भूक सिद्ध करायची नसली की भुकेलेला माणूस बाकीच्यांत सहज मिसळून जातो.

दुसरी पद्धत इंजिनियर लोकांची लाडकी. ‘हाफ-लाइफ 2’ (2004) मध्ये काही पेट्या फोडल्या की आत काय निघेल, हे तुमच्याजवळ काय कमी आहे ते पाहून ठरतं. ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ (2005) त्याच्या पुढे जातो. तुम्ही वारंवार मार खात असाल तर शत्रू जरा नरमाईने वागतात, गोळ्या संपत आल्या की गोळ्या सापडू लागतात. कोड लिहिणाऱ्याला हे फार आवडतं. ‘हेल्थ 30 च्या खाली असेल तर हे दे, नाहीतर ते दे.’ नेमकं आणि काटकसरीचं. पण प्रत्यक्ष जगात तीसच्या खाली कोण, हे मोजणारा कोड नसतो, तलाठी कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला असतो. गेमला तुमची हेल्थ आधीच माहीत असते. सरकारला ती कागदांनी पटवून द्यावी लागते, आणि ज्याची हेल्थ पाचवर आहे त्याच्याकडेच कागद गोळा करायची ताकद सगळ्यांत कमी उरलेली असते.

तिसरी पद्धत 2016 च्या नव्या ‘डूम’ची. इथे कोपऱ्यात लपून बसलात तर फारसं काही मिळत नाही. हेल्थ हवी तर अर्धमेल्या राक्षसाच्या अंगावर धावून जा, त्याला हातांनी संपव, मग त्याच्यातून हेल्थ बाहेर पडते. 2020 च्या ‘डूम इटर्नल’मध्ये गोळ्यांसाठी करवत चालवावी लागते, आणि बॉसच्या लढाईतही छोटे राक्षस मधूनमधून येत राहतात. ते येतात मुख्यतः रसद म्हणून. हे वाचून मला रोजगार हमी आठवते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत, पाझर तलाव खणत. 1977 साली त्या अनुभवातून आपल्या राज्याने कायदा केला: हाताला काम मागणाऱ्याला काम द्यायचं. 2005 मध्ये देशाने असाच कायदा केला. या पद्धतीत दाखल्याची गरज कमी. पोट भरलेला माणूस भर उन्हात खडी फोडायला येत नाही, म्हणून जो येतो तो गरजूच असतो. आणि मिळालेला पैसा कमावलेला असतो, ताठ मानेने घेता येतो. उणीव एकच, पण मोठी. ज्याच्यात धावून जायचंच त्राण नाही, त्या म्हाताऱ्याला, आजाऱ्याला हे दार बंद राहतं.

मला वाटतं, कुठलीच एक पद्धत पुरी पडत नाही. चांगल्या गेममध्ये तिन्ही मिसळलेल्या असतात, आणि चांगल्या गावातही.

आता या सगळ्यातला मला छळणारा प्रश्न. ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ ही मदत तुम्हाला न सांगता करतो. आपल्याकडे म्हणतात, या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये. वरवर पाहता हा गेम तेच करतोय. खेळाडूचा मान राखतोय. पण त्या म्हणीत देणाऱ्याने गाजावाजा करू नये इतकंच सांगितलंय. घेणाऱ्याला पत्ताच लागू नये, असं नाही. आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कारण ज्याला मदतीचा पत्ता नाही, तो मनापासून समजतो की आपण एकट्याने जिंकलो. मग तोच माणूस पुढे जाऊन दुसऱ्या अडखळणाऱ्याला ‘गिट गुड’ सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला त्याचे डबे दिसलेलेच नसतात.

माझ्या पिढीच्या, माझ्या धंद्यातल्या लोकांमध्ये हे बोलणं सतत कानावर येतं. ‘मी स्वतःच्या जिवावर आलो.’ आले असतील, मेहनतीबद्दल शंका नाही. पण वाटेवरचे डबे मोजायला घेतले तर यादी लांबते. गावातून शाळेला जाणाऱ्या मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पास. बहिणीने स्वतःचं शिक्षण थांबवल्यामुळे मोकळी झालेली फी. परीक्षेच्या दिवसांत पुण्यात स्वतःच्या कॉटवर जागा देणारा गाववाला. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडल्यावर न रागावता कॉलवर येणारा सीनियर. यातलं काहीच बॉसला मारत नाही. पण यातलं एक जरी नसतं, तर एखादी मुलगी गणितात नापास न होताच शिक्षणातून गळली असती. तो सॉफ्टलॉक. बाहेरून मात्र तो तिच्या कुवतीचा निकाल वाटतो.

याच्या उलट ‘सेलेस्ट’ (2018) हा गेम. डोंगर चढणाऱ्या मुलीची गोष्ट, अतिशय अवघड. त्यात असिस्ट मोड आहे: वेग कमी करा, दमच संपू देऊ नका, हवं तर मरणंच बंद करा. पण तो खेळाडूने स्वतः, उघड्या डोळ्यांनी चालू करायचा. कुणी हिणवत नाही, कुणी लपवतही नाही. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते. लपवलेली मदत आपला अहंकार जपते. उघड मदत घेताना क्षणभर टोचतं, पण आपण कुणाचे तरी लागतो ही आठवण उरते.

यावर कडक पंथाचं उत्तर मला माहीत आहे. अडथळा इतका सोपा केला तर ओलांडण्यात राहिलं काय? उत्तर स्यूट्सच्याच व्याख्येत आहे. त्याने गरज नसलेले आणि आपणहून पत्करलेले, अशा अडथळ्यांबद्दल लिहिलं. आयुष्यातले बहुतेक बॉस कुणी निवडलेले नसतात. कोकणातल्या घरात कॅन्सर निघाला की परळच्या टाटा हॉस्पिटलची वाट धरावी लागते. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि मुंबईत राहायचं कुठे हा आजाराइतकाच मोठा प्रश्न होतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, जिथे असे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. बॉसच्या खोलीच्या अगदी शेजारी ठेवलेला हा डबा. तिथे राहून बऱ्या झालेल्या बाईला तू फटका न खाता का नाही जिंकलीस, असं विचारणं केवळ क्रूरच नाही, मूर्खपणाचंही आहे. न निवडलेल्या लढाईत एकट्याने लढण्याला वेगळी शान नसते. तिथे निभावून नेणं एवढंच असतं.

म्हणून खेळात मी कधीतरी हट्टाने पॅक न उचलता खेळेन, मजा म्हणून. बाहेर मात्र हा हट्ट नको, स्वतःसाठी नाही आणि दुसऱ्यासाठी तर नाहीच. गावात कुणाकडे मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारून पिठलं-भात येतो. तो कुणी मागत नाही, आणि आणणाऱ्याला कुणी थांबवत नाही. घरातली माणसं तो खातात, कारण उद्या उठून बाकीचं सगळं त्यांनाच निस्तरायचं असतं.