शंका आणि नीयत

शंकेखोर माणूस आपल्यात कुणाला आवडत नाही. तरी काही वेळा शंका घेणे हेच कर्तव्य असते, हे आम्हाला एका विद्यार्थ्यामुळे कळले.

नरडाण्याच्या स्टेशनाजवळ मोबाइल दुरुस्ती करणारा आमचा हा जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात घरी आला. त्याने जुना प्लेस्टेशन ३ विकत घेतला होता. म्हणाला, "सर, चार हजारांची एक चिप मिळते. ती बसवली की मशिनीचे फर्मवेअर मागच्या आवृत्तीवर जाते आणि गेम फुकट चालतात. विकणारा म्हणतो, कोणत्याही मॉडेलला चालते." त्याचे वडील एमआयडीसीत रोजंदारीवर आहेत. चार हजार म्हणजे त्यांच्या घरचा महिन्याचा किराणा.

फर्मवेअर म्हणजे मशिनीत कंपनीने भरून दिलेल्या मूळ आज्ञा. त्यांवर कंपनीची गुप्त सही असते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत सोनीच्या या सहीतली चूक काही तंत्रज्ञांनी उघड केली. तेव्हापासून ३.५५ या आवृत्तीकडे परत जाण्यासाठी चिपा विकल्या जाऊ लागल्या. पण कंपनीने नंतरच्या मशिनींत ती चूक सुधारली. २०१२ साली आलेल्या, वरचे झाकण सरकवून डिस्क घालायच्या मॉडेलला ही चिप मागे नेऊ शकत नाही. पोराकडे नेमके तेच मॉडेल होते. खरेदी-विक्रीत मालाचा ऐब लपवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर मुळात न होणारे काम विकले जात होते.

मग कंपनीवर शंका घ्यायची नाही का? जरूर घ्यावी. याच मशिनीवर लिनक्स चालवता येईल, असे सांगून सोनीने ती विकली, आणि १ एप्रिल २०१० च्या ३.२१ या आवृत्तीने ती सोय काढून घेतली. नवी आवृत्ती नाकारणाऱ्याला ऑनलाइन खेळणे बंद झाले. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर मालकी कुणाची, हा प्रश्न रास्त आहे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ साली चिप बसवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचे ६५अ कलम हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. म्हणजे कायदाही शेवटी हेतूच विचारतो.

आम्ही पोराला म्हटले, "तीन गोष्टी विचार. याच मॉडेलवर चालवून दाखवशील का? आधी मूळ मेमरीची नक्कल काढून ठेवशील का? मशीन बंद पडली तर भरपाई कोण देईल?" त्याने विचारले. विकणाऱ्याने फोन उचलणे सोडले. पैसे वाचले.

आठवड्याने तो पुन्हा आला. "सर, समजा खरंच चालणारी चिप मिळाली, तर घेऊ?"

आता त्याची शंका आमच्यावर होती. लिनक्ससाठी भांडणाऱ्याचा हक्क निराळा, फुकट गेमची हाव निराळी, हे आम्ही सांगणार होतो. तेवढ्यात टेबलावरचा गठ्ठा दिसला. वर्गासाठी अख्ख्या गाईडच्या झेरॉक्स आम्हीच काढून आणल्या होत्या. मुले गरीब आहेत, ही आमची सबब. त्याचीही तीच होती.

आम्ही म्हटले, "बेटा, बैस. या प्रश्नाचे उत्तर आपण दोघांनी मिळून शोधू."

दुसऱ्याच्या मालावर शंका घेणे सोपे आहे. स्वतःच्या नीयतीवर ती घेताना जीभ अडखळते. आम्ही अजून तिथेच अडलो आहोत.