सुबक आहे, नाना

पेणच्या एका गणपती कारखान्यात एक पोरगा कामाला लागला. त्याला सगळंच सुरेख दिसायचं. साच्यातून नुकताच निघालेला, कडेला जोडाची रेघ तशीच असलेला शाडूचा गणपती सुरेख. सावलीत सुकणारी कच्च्या मूर्तींची रांग सुरेख. दुपारच्या डब्यातली वालाची उसळसुद्धा सुरेखच.

एकदा कारखान्यातले कारागीर नाना वैतागले. "शब्द आहे की पांढरा रंग रे? दिसेल त्याला फासतोस!" त्यांनी एक कच्ची मूर्ती त्याच्यापुढे ठेवली. "पोट भरलंय, सोंड नीट वळलीय, बोटं जागच्या जागी. घडण चांगली, म्हणून ही सुबक. सुरेख म्हणजे जिची रेघ चांगली ती. हिच्यावर अजून रेघ कुठाय?"

नाना काही शब्दकोश घेऊन बसले नव्हते, पण त्यांचं बरोबर होतं. मोदक सुबक असतो, डोंगराला कोणी सुबक म्हणत नाही. हाताखालून गेलेल्या लहानशा वस्तूचा तो शब्द. आणि सुरेखमध्ये तर रेखा उघडच बसलेली आहे.

कारखान्यात डोळे रंगवत नाहीत, आखतात. ही आखणी नानांकडेच. अंगाचा रंग, पितांबर, दागिने झाले की मूर्ती त्यांच्यासमोर यायची. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, आणि वरची पापणी एका ओढीत. ओढ मध्येच अडखळली तर गणपती बावरलेला दिसतो. पोरगा शेजारी बसून बघायचा. त्याच्या तोंडून सुरेख हा शब्द कमी होत होत जवळजवळ गेलाच.

असे चार गणपती गेले. पाचव्या वर्षी श्रावणात नानांनी एक मूर्ती आखून खाली ठेवली. मुंबईचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, "वा नाना, सुरेख!" रंगकाम करणाऱ्या बायकांनी माना डोलावल्या.

"तू बोल," नाना पोराला म्हणाले.

तो वाकून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सुबक आहे, नाना."

कोणीच काही बोललं नाही. नानांनी चष्मा पुसला, मूर्ती उजेडाकडे वळवली. उजव्या पापणीची रेघ एका जागी केसभर थरथरली होती. रंग ओला होता तोवरच त्यांनी फडक्याच्या टोकाने ती टिपून घेतली. मग ब्रश धुतला, त्याचं टोक ओठांनी जुळवलं आणि दांडा पोराकडे केला.

"श्वास रोखून ओढ."