सवय माझी, फाईल कुणाची?

प्रोग्रामरला पगार विचारा, तो विषय बदलेल. एडिटर कोणता वापरतोस असं विचारा, मग तासभर सुटका नाही. एडिटर म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, स्क्रीनवरची वही म्हणा ना. तरी विमवाले आणि इमॅक्सवाले कित्येक दशकं भांडतायत, आणि दोघंही व्हीएस कोडवाल्या नव्या पोरांकडे जरा वरूनच बघतात.

या प्रेमाचं मूळ बोटांत आहे. विमचा पूर्वज ‘व्हीआय’ बिल जॉयने १९७६ च्या सुमारास लिहिला. तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचा, त्याला बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. ती टर्मिनलं केव्हाच भंगारात गेली, पण विमवाला आजही याच चार कळांनी कर्सर हलवतो. मशीन गेलं, सवय राहिली.

हीच गोष्ट परळी वैजनाथला बघायला मिळते, फक्त तिथे तिला कुणी ‘टेक’ म्हणत नाही. कोणत्याही तालुक्याच्या गावी असतात तशी झेरॉक्स आणि डीटीपीची दुकानं इथेही आहेत. तिथे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका टाईप करणाऱ्या जुन्या हातांना बहुधा रेमिंग्टनची सवय असते. म्हणजे टाईपरायटरवरची अक्षरांची जागा. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये महिनोन्‌महिने घोटलेली. टाईपरायटर गेला, बोटं तशीच चालत राहिली.

मग प्रश्न असा, की हत्याराचा असा लळा लागणं चूक आहे का?

मला नाही वाटत. सुताराला स्वतःचाच रंधा लागतो, तो काही हट्ट नसतो. हत्यार हातात बसलं की त्याच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, सगळं लक्ष कामाकडे जातं. शिवाय सवय बदलायला पैसे पडतात. पगारी प्रोग्रामर महिनाभर हळू टाईप करत नवा एडिटर शिकू शकतो. पानामागे पैसे घेणाऱ्याचा तो महिना अर्ध्या कमाईचा जातो. त्यामुळे ‘अजून जुनंच वापरता?’ असं हसून म्हणणं सोपं असलं, तरी न्यायाचं नाही.

पण दोन्ही प्रेमांत एक फरक आहे, आणि माझ्या मते नीतीचा प्रश्न तिथेच सुरू होतो. विममध्ये लिहिलेली फाईल साधा मजकूर असते. ती इमॅक्समध्ये उघडते, नोटपॅडमध्ये उघडते, तुमच्या फोनवरही उघडते. विमवाल्याच्या हट्टाचा भार दुसऱ्या कुणावर पडत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टचं तसं नाही. स्क्रीनवर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच एखादं रोमन अक्षर. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला सगळी फाईल गिचमिड दिसते. ती शोधता येत नाही, आणि अंध माणसाचा स्क्रीन रीडर तिच्यातून काहीच अर्थाचं वाचू शकत नाही. अर्ज ज्याचा आहे, त्यालाच तो फोनवर वाचता येत नाही. इथे सवय एकाची असते आणि तिची किंमत दुसरा मोजतो.

म्हणून नवं-जुनं ही कसोटी चुकीची आहे. विमसुद्धा जुनाच. ब्रॅम मोलेनारने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात देवनागरी होती. दोन्ही सारख्याच वयाचे. खरी कसोटी ही, की माझ्या हत्याराने केलेलं काम दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्याच्या उपयोगाचं राहतं का?

आणि यातून वाटही निघते. युनिकोडमध्ये रेमिंग्टनच्या पद्धतीने टाईप करता येतं, तशी साधनं आहेत. बोटांना काही विसरावं लागत नाही, फक्त आत काय साठवलं जातं ते बदलतं. माणसाची सवय त्याच्याकडे राहते, अर्ज ज्याचा त्याला वाचता येतो. गावात कुणी डीटीपीवाले काका ओळखीचे असतील, तर ‘हे सोडा’ असं सांगण्याऐवजी अर्धा तास बसून ही सोय त्यांच्या कॉम्प्युटरवर लावून द्या.

स्वतःच्या एडिटरवर खुशाल जीव लावा. फक्त एकदा तुमची फाईल अशा माणसाला पाठवून बघा, ज्याच्याकडे तुमचं हत्यार नाही.