ॲज फाउंड

अणुवीज केंद्रातला उपकरण देखभाल विभाग मी उभा केला, असं निरोपसमारंभात सगळे म्हणाले. ते खोटं नव्हतं. रिकाम्या खोलीत आधी दाबमापकं तपासायचा डेड वेट टेस्टर आला, मग बाकं, कपाटं, माणसं. आयटीआय झालेली मुलं निवडताना मी मार्कांपेक्षा हात बघायचो. व्हॉल्व्ह हिसक्यानं उघडणारा मुलगा मला चालत नसे.

पण एक रात्र अजून टोचते. शटडाउन संपत आलं होतं, सकाळी सहाला काम सोपवायचं होतं. एका प्रेशर ट्रान्समीटरला निम्मा दाब दिला की 12 मिलिअँपिअर यायला हवेत, आले 12.31. तंत्रज्ञ नवा. त्यानं झिरो-स्पॅन नीट बसवलं आणि विचारलं, “साहेब, ॲज फाउंडच्या रकान्यात दुरुस्तीआधीचंच रीडिंग लिहू ना?”

ते लिहिलं असतं, तर अहवाल आला असता, मागचं सगळं उकरणं आलं असतं, तोच दाब मोजणारी बाकीची दोन चॅनेल पुन्हा तपासावी लागली असती. मी घड्याळ पाहिलं. “आता बरोबर येतंय ना? मग झालं तर.”

खोटं लिही, असं मी म्हटलं नाही. तेवढी पळवाट ठेवलीच. त्यानं 12.02 लिहिलं. मी सही केली.

पुढे आमच्या नोंदी देखण्या होत गेल्या. ऑडिटवाल्यांनी कौतुक केलं. वर्षभर उष्णता आणि कंपनं सोसलेली इतकी उपकरणं एकजात शहाण्यासारखी वागत नाहीत, हे मला कळत होतं. कळूनही मी विचारलं नाही.

याच मुलांना मी थ्री माइल आयलंडची गोष्ट रंगवून सांगायचो. 28 मार्च 1979, अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, पण पॅनेलवरच्या दिव्यावरून तो बंद वाटत होता. कारण तो दिवा फक्त बंद होण्याचा आदेश गेल्याचं सांगत होता. व्हॉल्व्हचं खरं काय, ते नाही. दोन तासांहून अधिक काळ पाणी निसटत राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. “दिव्यावर विसंबू नका,” मी बजावायचो.

मी तरी काय केलं? ‘जे दिसेल तेच लिहा’ असा फलक भिंतीवर लावला आणि तसंच चाललंय असं धरून बसलो.

एका उपकरणावर भरवसा नको, म्हणून आम्ही तीन चॅनेल ठेवतो. कागदावरही तीन सह्या असत: तंत्रज्ञ, पर्यवेक्षक आणि मी. पण पहिले दोघे माझ्या चेहऱ्याकडे बघून सही करत. म्हणजे चॅनेल एकच होतं, आणि ते बिघडलेलं होतं.

अपघात झाला नाही. त्याचं श्रेय मला घेता येणार नाही.

तो मुलगा आता पर्यवेक्षक आहे. दर दिवाळीला फोन करतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. नव्या पोरानं तोच प्रश्न विचारला की तू काय सांगतोस, एवढं मी त्याला विचारत नाही. उत्तर मीच शिकवलेलं असेल, याची भीती वाटते.