मारबतीचा चेहरा

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बाबा मला कामठीहून नागपुरात मारबत, म्हणजे जाळायच्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला न्यायचे. इतवारीच्या गर्दीत त्यांच्या खांद्यावर बसलं की आधी ढोलताशे ऐकू यायचे आणि मग माणसांच्या डोक्यांवरून डुलत येणारा तो अवाढव्य काळा देह दिसायचा. तिची गाठ घ्यायला पिवळी मारबत यायची. मागे बडग्यांची, म्हणजे आणखी पुतळ्यांची, रांग असायची. रोगराई, खोकला, इडापिडा सगळी घेऊन जा, असं हजारो गळे ओरडून सांगायचे. घरी आल्यावर मी ते सगळं आजीला रंगवून सांगायचो. ती दारात मांडीवर सुपडं घेऊन बिड्या वळत बसलेली असायची. एकदा तिनं हात न थांबवता विचारलं, "जाळून टाकते न तिले? मंग दरसाल कायले येते थे?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आता कथा-कादंबऱ्यांतल्या आणि पडद्यावरच्या खलनायकांचा विचार करताना तोच प्रश्न समोर उभा राहतो. रावण दरवर्षी जळतो, कंस दर खेळाला मरतो, 'शोले'तला गब्बर १९७५ पासून हरत आला आहे. तरी दुसऱ्या दिवशी आपण नव्या खलनायकाच्या शोधात निघतो. एवढी गरज आपल्याला कशाची असते?

वाईटपणा जगात विखुरलेला असतो. तो सावकाराच्या वहीत असतो, घरातल्या गप्प बसण्यात असतो, कधी आपल्या स्वतःच्या भित्रेपणात असतो. इतका पसरलेला की त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. कथा तो सगळा गोळा करून एका देहात भरते, त्याला नाव देते, आवाज देते, चालण्याची ढब देते. मग लहान मूलही सांगू शकतं की भीती वाटते ती याची. कथेचे हे उपकार मी कमी लेखत नाही. पण असा चेहरा घडवताना तो कुणाचा घ्यायचा, हे कोण ठरवतं?

काळ्या मारबतीचीच गोष्ट घ्या. ही परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. काळी मारबत म्हणजे कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना, असं काहीजण सांगतात. दुसरी कथा नागपूरकर भोसल्यांची राणी बांकाबाई हिची. १८१७ मध्ये सीताबर्डीवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांकडून हरलं. पुढच्याच वर्षी अप्पासाहेबांना गादीवरून दूर करून एका अल्पवयीन मुलाला बसवण्यात आलं आणि बांकाबाई त्याची पालक झाली. १८५७ च्या उठावातही तिनं इंग्रजांची बाजू घेतली. त्या फितुरीचा राग म्हणून तिचा पुतळा, असं लोक सांगत आले.

रागाचं कारण खोटं नव्हतं. पण माझ्या गावाकडून पाहिलं की या कथेची दुसरी बाजू दिसते. सीताबर्डीनंतर नागपूर मुठीत ठेवायला इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली. तीच आमची कामठी. तोफा, फौज, सत्ता हे सगळं इतवारीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, डोळ्यांसमोर होतं. मारबत निघू लागली तेव्हा राज्य इंग्रजांचंच होतं आणि बांकाबाई हयातही नव्हती. छावणीतल्या साहेबाचा पुतळा जाळणं धोक्याचं होतं. मेलेल्या राणीचा जाळता येत होता. साऱ्या साम्राज्यावरचा राग एका बाईच्या अंगावर टाकला गेला, आणि वर पूतनेची जुनी ओळख चढवल्यावर तो राग धर्मासारखा पक्का झाला, असं मला वाटतं. खलनायकाचे साचे असेच तयार होतात. ज्याच्यावर राग असतो तो आवाक्याबाहेरचा असतो, मग आवाक्यातलं कुणीतरी शोधलं जातं. आपल्या गोष्टींतली चेटकीण, सावत्र आई, कुटिल सासू आणि पडद्यावरची 'वाईट चालीची' नाचणारी बाई या सगळ्या त्याच वाटेनं आल्या आहेत.

ही वाट मराठीत विजय तेंडुलकरांनी उघडी केली. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आलं. पुण्यात अपमानित झालेला घाशीराम सूडासाठी कोतवाली मिळवतो. तिची किंमत म्हणून आपली कोवळी लेक नाना फडणवीसांच्या स्वाधीन करतो आणि मग शहराला छळतो. त्याच्या क्रौर्यावर नाटक पांघरूण घालत नाही. पण शेवटी जमाव खवळतो तेव्हा नाना शांतपणे घाशीरामला जमावाच्या हाती देतो, तो मरतो आणि नाना उत्सव जाहीर करतो. ज्यानं कोतवाल नेमला तो सुखरूप राहतो आणि शहराला स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. हे नाटक पाहून आपण समाधानानं घरी जाऊ शकत नाही, कारण टाळ्या वाजवणाऱ्या जमावात आपणही असतो, हे ते दाखवून देतं.

निळू फुलेंच्या भूमिकांकडे मी याच नजरेनं बघतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला हा सज्जन माणूस पडद्यावर आला की खेड्यापाड्यांतल्या बाया त्याला शिव्या घालत. निळू फुलेंच्या पाटलांच्या, सरपंचांच्या अनेक भूमिका साच्यातल्याच होत्या. 'सामना' चित्रपटातला हिंदुराव धोंडे पाटील मात्र वेगळा. हा साखरसम्राट गावाला कारखाना देतो, रस्ते देतो, गावात आलेल्या मास्तरला घरी ठेवून खाऊपिऊ घालतो. त्याच विकासाच्या पायाखाली मारुती कांबळेचा खून पुरलेला असतो. हिंदुराव आपल्याला आवडू लागतो आणि तिथेच आपण अडकतो. ज्याचं मीठ खाल्लं त्याला गुन्हेगार म्हणण्याची हिंमत आपल्यात आहे का, असं हा खलनायक विचारतो.

कामठीतल्या बिडीच्या धंद्यात तर हिंदुरावाएवढाही ठळक चेहरा नव्हता. आजीच्या हयातीत तीन ठेकेदार झाले. पहिला खडूस होता. तो गेला तेव्हा मोहल्ल्यातल्या बायांनी एकमेकींना गूळ दिला. दुसरा गोड बोलायचा, तिसरा नात्यातलाच होता. पण हजार बिड्यांमागचा दर ठरवणारा दूरच राहिला आणि छाटही तेवढीच राहिली. छाट म्हणजे वाईट वळली म्हणून बाजूला काढलेली बिडी. तिचे पैसे मिळत नसत आणि बिडीही परत मिळत नसे. पानं कमी द्यायची, हिशेब मात्र पुऱ्या हजाराचा मागायचा, हेही चालूच राहिलं. माणसं बदलली तरी माप तेच राहिलं. अशा वेळी पुतळा कुणाचा करणार?

हे माप बदलायला हवं, हे ओळखणारा माणूस याच गावानं दिला. हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजे बाबू हरदास, यांचा जन्म १९०४ चा, कामठीचा. त्यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, रात्रशाळा चालवली. ठेकेदाराच्या हातून सुटका व्हावी म्हणून सहकारी तत्त्वावर बिडीचं काम सुरू केलं. १९३७ मध्ये ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वारले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ केलं ते त्यांनी. एखादा ठेकेदार हरवला तर पुढचा येणारच, म्हणून त्यांनी बायामाणसांना एकमेकांकडे बघायला शिकवलं. रामरामाच्या जागी आलेल्या त्या दोन शब्दांत कुणाचा धिक्कार नाही, समोरच्याच्या बरोबरीची कबुली आहे.

तेच दोन शब्द २०२१ मध्ये एका तमिळ चित्रपटाचं नाव झाले. 'जय भीम'मधला छळ करणारा फौजदार प्रेक्षकांच्या मनात बसला, तो तसा बसावा असाच आहे. पण माझ्या डोळ्यांपुढून चित्रपटाची सुरुवात हलत नाही. तुरुंगाच्या दारात सुटणाऱ्यांना जात विचारली जाते आणि काहींना तिथूनच पुन्हा पोलिसांच्या हवाली केलं जातं. तिथे कुणी राक्षसासारखं हसत नाही. ते रोजचं कामकाज असतं. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्येही तसंच. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी उभा केलेला म्हातारा लोकशाहीर तारखांमागून तारखा झिजत राहतो, आणि त्याच्याविरुद्ध लढणारी सरकारी वकीलबाई लोकलनं घरी जाऊन स्वयंपाक करते. ती दुष्ट नाही. आपल्यासारखीच दमलेली आहे.

इथे एक धोका आहे. खलनायक नाहीच, सगळी व्यवस्थाच दोषी, असं म्हटलं की प्रत्येकाची सुटका होते. छाट बाजूला काढणारा हात व्यवस्थेचा नसतो, माणसाचाच असतो. त्या हाताला थांबता आलं असतं. म्हणून मला खलनायक नसलेली गोष्ट नको आहे. ज्या क्षणी त्याला थांबता आलं असतं तो क्षण दाखवणारी, आणि त्याच जागी मी असतो तर काय केलं असतं हे मला विचारणारी गोष्ट हवी आहे. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) जब्यानं शेवटी भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर येतो. खलनायक कोण, याचं इतकं प्रामाणिक उत्तर मराठी पडद्यानं क्वचितच दिलं असेल.

मारबतीतही हे शहाणपण अर्धंमुर्धं आहे. काळी-पिवळी ठरलेल्या, पण बडगे दरवर्षी नवे असतात. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या ताज्या घटनेचा. यंदा आपल्याला छळलं कुणी, याचा विचार शहराला दरवर्षी नव्यानं करावा लागतो. लेखकाचं कामही तेच. जुना साचा हाती आला म्हणून त्यात कुणालाही ओतायचं नाही, विशेषतः जो आधीच दुबळा आहे त्याला तर नाहीच.

आजी गेली तेव्हा तिचं सुपडं माळ्यावर ठेवलं. त्याच्या कडेला तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेली एक जागा आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. आजी, मारबत दरसाल येते, कारण आपण फक्त तिचा चेहरा जाळतो. माप तसंच घरात ठेवतो.